लाळेने उघडलेले डोळे

एम.एस्सी. होऊन मला चार महिने झाले होते आणि अंधेरीतल्या एका कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये मी उंदरांच्या लाळग्रंथी खलात घोटत होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. गावठाणातल्या आमच्या घरी आई सगळ्यांना सांगायची की मुलगी औषधं बनवते. मीही ते कधी खोडून काढलं नाही.

माझ्या गाइड, म्हणजे आमच्या बाई, कमी बोलायच्या आणि त्याहून कमी हसायच्या. त्यांनी एका परदेशी जर्नलमध्ये वाचलं होतं की नर उंदराच्या लाळग्रंथीत एक ग्रोथ फॅक्टर असतो, पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. ग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडतात. बाईंना डोळ्यांचं फार कौतुक नव्हतं. लाळ जाते पोटात, तर जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराचं काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. पण आपला अर्क मुळात चालतो का, ते आधी डोळ्यांवरून कळणार होतं.

मी एका पिंजऱ्यातल्या पिल्लांना अर्क टोचू लागले, दुसऱ्यातल्यांना नुसतं मिठाचं पाणी. एरवी डोळे उघडायला दोन आठवडे लागतात. आठव्या दिवशी सकाळी झाकण काढलं, तर अर्ध्या बोटाएवढं एक पिल्लू माझ्याकडे बघत होतं.

मला हसूच आवरेना. दुसऱ्या पिंजऱ्यातलं एक काढून मी शेजारी धरलं. त्याचे डोळे मिटलेले, याचे टक्क उघडे. मग आणखी दोन काढली, मग आणखी दोन. शेवटी सगळी एका ट्रेमध्ये ठेवून बाईंना बोलवायला धावले. व्हरांड्यात चपलेचा अंगठा तुटला, तर ती हातात घेऊन धावले.

बाईंनी ट्रेमध्ये वाकून बघितलं आणि विचारलं, यातली अर्काची कुठली?

"डोळे उघडलेली," मी म्हणाले.

"आणि ती अर्काची कशावरून?"

"डोळे उघडलेत ना."

स्वतःचंच उत्तर कानावर पडलं आणि माझी वाट लागली. आठ दिवसांचं काम मी दोन मिनिटांत कालवून टाकलं होतं. बाई रागावल्या नाहीत. पुन्हा कर, एवढंच म्हणाल्या.

या वेळी उपाय काढला तो उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांनी. मामा मालवणकडचे, शिस्तीचे. त्यांनी नव्या पिल्लांपैकी निम्म्यांच्या शेपटीला जांभळं औषध फासलं. बाटल्यांवरची नावं काढून एकीला लाल दोरा बांधला, दुसरीला पांढरा. लाल बाटलीतलं जांभळ्या शेपटीला, पांढरीतलं साध्या शेपटीला, एवढंच मला माहीत.

"खयच्या बाटलीत काय हा, ता माका ठावक," मामा म्हणाले. "तुमका दोघींका सांगूचंय नाय."

आठवडाभर मी त्यांच्या मागे लागले. आईने केलेले फुगे, नारळाच्या दुधातले ते आमचे गोल मऊ पाव, डबा भरून नेले. मामांनी सगळे खाल्ले, आईच्या हाताची तारीफ केली आणि काही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पिंजऱ्यापाशी उभे राहिलो. जांभळ्या शेपटीच्या एकूणएक पिल्लाचे डोळे उघडले होते. साध्या शेपटीच्या एकाचेही नाहीत. मामांनी खिशातली वही काढली, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "लाल दोरो, अर्क."

बाई स्टुलावर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी आणायला गेले आणि ग्लास भरून घेऊन तशीच उभी राहिले, कारण मलाही हसू थांबवता येत नव्हतं. मामा आम्हा दोघींकडे बघत वही मिटायचंही विसरले.

पुढे आतड्याच्या कापांमध्येही फरक दिसला. अस्तर जाड झालं होतं, विभागणाऱ्या पेशींची नुसती गर्दी. परदेशात लोक आमच्या बरेच पुढे गेले होते आणि आमचं काम एका पानाच्या टिपणाएवढंच छापून आलं. पण ते काप पहिल्यांदा बघितले त्या दिवशी बाईंनी मामांना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, भाताच्या रोपांचा तरवा कसा दाट आलाय. बाईंनी ते टिपणाच्या कच्च्या खर्ड्यात लिहिलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि नाइलाजाने खोडलं.