नळीतली मोकळी जागा

शिट्टीबाईंना फटाक्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं झाली होती आणि मालकांच्या जावयाला सव्वीस दिवस. तरी अक्कल आपल्याच वाट्याला जास्त आली आहे, याबद्दल जावयाला तिळमात्र शंका नव्हती.

आतषबाजी बघताना माणसं माना वर करून ‘अहाहा’ करतात, त्या माणसांत बाईंना काडीचा रस नव्हता. रंग म्हणजे काय, पुड्यांचा खेळ! तांब्याची पूड निळा देते, बेरियमची हिरवा. आच जरा वाढली की निळा पांढराफटक पडतो. कवचात गोळ्या जशा रचाल तसं फूल वर उमटतं. हे कुणालाही शिकवता येतं. बाई करायच्या ती शिट्टी मात्र बोटांत यावी लागते. कागदी नळीच्या तळाशी दारू थराथराने दाबायची आणि वरची अर्धी नळी मोकळी सोडायची. दारू धडधडत जळते आणि त्या मोकळ्या जागेतली हवा गाते.

जावयाने बाईंच्या बाकावरची एक नळी उचलून डोळ्याला लावली.

“अर्धी रिकामी? हवा विकतो का आपण?”

“हवाच विकतो, जावईबापू. दारू नुसती तिला हलवते.”

“वरचा भाग कापा. एकीच्या कागदात दोन होतील.”

“मी नाही कापायची.”

“मग मीच कापतो. दुपारी मालकांसमोर दोन्ही लावू. माझी वाजली, तर उद्यापासून तुम्ही लेबलांच्या खोलीत.”

लेबलांच्या खोलीत हात थकलेली माणसं बसत. बाईंनी आपले हात पाहिले. ते थकले नव्हते.

दुपारी सगळे अंगणात जमले. पत्र्याच्या छपरावर कावळे ओळीने बसले होते, जणू त्यांनाही बोलावणं होतं. मालक खुर्चीत बसले. आयुष्यभराच्या धडाक्यांनी त्यांचे कान गेले होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

जावयाने आपण कापलेल्या आखूड नळ्यांतली एक पेटवली. आधी नुसती फुसफुस. मग अगदी शेवटी, डास कानाशी यावा तसं काहीतरी चिरकलं.

“वाजली!” जावयाने टाळी दिली, तीही स्वतःलाच.

मालकांनी मान डोलावली. ते नेहमीच मान डोलवायचे. आपल्या शिट्टीलाही आजवर अशीच डोलावली असेल? बाईंच्या मनात आलं.

बाईंनी आपली नळी मातीत रोवली, पेटवली आणि मागे सरल्या. शिट्टी उंच उठली, अंगण कापत गेली आणि दारू खाली जळत गेली तशी हळूहळू जाड होत उतरली. छप्पर एका झटक्यात रिकामं झालं.

मालक नळीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर छपरावर होती.

“जावईबापू,” ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “तुमच्या वेळी एक कावळा उठला नाही. एक तर पंख खाजवत होता.”

“कावळ्यांवरून ठरवणार?” जावयाने छपराकडे हात करून विचारलं.

“मग काय माझ्या कानांवरून?”

अंगणात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, जावयाने कापून टाकलेले नळ्यांचे तुकडे सुपात भरले आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवले.

“तुमची हवा,” त्या म्हणाल्या. “सांभाळून ठेवा.”

आणि आपल्या बाकावर जाऊन बसल्या.