फेरमोजणी चालू आहे

"मावशी, बाबा गेले..." मेघा फोनवर एवढंच म्हणाली आणि थांबली. मागून कुणाचा तरी आवाज येत होता. मग नाक ओढत तिनं निरोप पुरा केला. "आणि आई म्हणतीय, येताना इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी घेऊन ये. दोन कॅन आण."

बहिणीचा नवरा गेल्याची बातमी आणि बॅटरीचं पाणी हे एकाच श्वासात ऐकल्यावर माणूस काय करणार? मी पाणी आणायला निघाले. गुलमंडीच्या पुढं बॅटऱ्यांचं एक दुकान आहे, तिथं उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "गाडीला पाहिजे का इन्व्हर्टरला?" आणि मला तिथंच रडू कोसळलं. त्या बिचाऱ्यानं घाबरून स्टूल पुढं केलं, पाणी प्यायला दिलं आणि दोन्ही कॅन स्वतः रिक्षात नेऊन ठेवले. रिक्षात बसल्यावर मला वाटत राहिलं की धक्क्यानं ताईला काही सुचेनासं झालंय, तोंडाला येईल ते ती बोलतेय. सुमनताई माझ्याहून मोठी. तिला मी इतकी वर्षं बघतेय, तरी त्या दिवशी माझा अंदाज साफ चुकला.

सिडकोतल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा दाजींना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. आतल्या लहान खोलीत मात्र त्यांचा कॉम्प्युटर चालू होता. पडदा काळाच होता आणि त्यावर एक बारीक पट्टी पुढं सरकत होती. सकाळचा चहा घेऊन ते नेहमीसारखे त्याच्यासमोर जाऊन बसले, आणि खुर्चीतच गेले. ताईनं माझ्या हातातले कॅन घेतले, खाली ठेवले आणि मला मिठी मारून पहिलं वाक्य बोलली, "ते मशीन कुणाला बंद करू देऊ नकोस. त्यांची मोजणी चाललीय."

आता ही मोजणी काय, ते सांगायला हवं. आमचे दाजी, म्हणजे मुकुंद धारूरकर, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. शेतं मोजायची, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, नकाशा करायचा. नोकरीचा बराचसा काळ कन्नड तालुक्यात गेला. बांधावरून भावाभावांची डोकी फुटतात आणि मधे उभा राहतो तो हातात नकाशा धरलेला सरकारी माणूस. दाजी नाकासमोर चालणारे, शब्दाला शब्द न वाढवणारे. पण एका ओढ्यानं त्यांची झोप घालवली होती. दोन शेतांमधली हद्द म्हणजे तो ओढा. त्यांच्या आधीच्या माणसानं त्याची कड मोजली होती, ती दाजींनी पुन्हा मोजली, तर लांबी जास्त भरली. शेतकरी भडकला. "मागच्या साहेबानं कमी भरवली, तुमची जास्त कशी व्हती? कुणाचं खाल्लं ते तरी सांगा!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. ज्या माणसानं कुणाच्या वावरातला ऊससुद्धा फुकट खाल्ला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. घरी येऊन त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आधीच्या माणसानं लांब लांब टप्पे घेतले होते, यांनी प्रत्येक वाकण घेतलं होतं. दोघंही बरोबर होते! "मग खरी लांबी कोणती गं?" हे त्यांनी मला विचारलं होतं. मी चित्रकला शिकवणारी बाई. मी म्हटलं, "दाजी, ओढा काढायचा असेल तर सांगा, मोजायचा असेल तर तुमचं तुम्ही बघा."

निवृत्तीनंतर मेघानं तिचा जुना कॉम्प्युटर त्यांना दिला. बातम्या वाचा, पत्ते खेळा म्हणाली. तिथं कुठंतरी त्यांना फ्रॅक्टलचं चित्र भेटलं. एखादी आकृती, तिच्या काठाला फुटवे, फुटव्याला पुन्हा फुटवे, आणि कितीही जवळ गेलं तरी काठ सरळ होतच नाही. त्यांनी ताईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "सुमन, हे बघ. हा बांध संपतच नाही!" ताई म्हणाली, "कुकर लावलाय," आणि परत गेली. पण दाजी तिथं जे बसले ते बसलेच. ज्या प्रश्नानं त्यांना कन्नडमध्ये शिव्या खायला लावल्या, त्याच प्रश्नाचं असं सुंदर रंगीत रूप असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि मुख्य म्हणजे इथं भांडायला कुणी येत नव्हतं.

त्यानंतर रोज एक चित्र. चहा झाला की ते बसायचे, आकृतीच्या काठावरची एक जागा निवडायचे, तिथून आत शिरायचे, आणखी आत, आणखी आत... मग मशीनला कामाला लावायचे. मला त्यांनी एकदा समजावलं होतं. प्रत्येक ठिपक्यापाशी एकच लहानसं गणित करायचं, आलेलं उत्तर पुन्हा त्याच गणितात घालायचं, पुन्हा घालायचं. काही ठिपक्यांचं उत्तर वाढत वाढत हाताबाहेर पळून जातं. लवकर पळालं तर एक रंग, उशिरा पळालं तर दुसरा. चित्र तयार झालं की ते नातेवाइकांच्या ग्रुपवर, खात्यातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर आणि हाच नाद असलेल्या अनोळखी मंडळींच्या एका ग्रुपवर जायचं. खाली गावाचं नाव लिहावं तसं नाव असायचं. मौजे मोरपीस, उत्तरेकडील शीव. मौजे कोंबडीचा तुरा, ओढ्यालगत. आमच्या नातेवाइकांना काय त्याचं! कुणी हात जोडलेले पाठवायचं, कुणी "छान रांगोळी", आणि आमच्या एका वहिनीनं तर "ही पैठणी कुठल्या दुकानात मिळाली?" असं विचारलं होतं. दाजी तिला गंभीरपणे उत्तर लिहीत बसले होते.

मी मात्र त्यांना सोडत नसे. "हे तुम्ही काढलं कुठं? मशीननं काढलं. माझ्या वर्गात असं कुणी दाखवलं तर मी शून्य देईन." ते हसून म्हणायचे, "दे की. मी काढलं म्हणतोच कुठं? ते होतंच तिथं. मी फक्त जाऊन आलो." हे उत्तर मला वर्षानुवर्षं खुपत राहिलं, कारण त्याला तोड सापडत नव्हती. शेवटी एका रविवारी मी म्हटलं, बसवा मला त्या खुर्चीत. जागा मी निवडली, काठावरची एक बारीक फट. दुपारभर आत आत गेलो. आधी शिंपले, मग वेलींची वळणं, मग नुसतं जाळं... आणि अगदी तळाशी, सुरुवातीला होती तीच आकृती, इवलीशी, अख्खी! मी ओरडलेच. दाजी टाळी वाजवून म्हणाले, "इथं तुझ्याआधी कुणी आलं नसंल बघ. नाव ठेव आता." मी वर्गातल्या पोरांना चित्रकला शिकवते, पण कुणीच न पाहिलेली जागा बघायला मिळणं हे माझ्या कुंचल्यानं मला कधी दिलं नव्हतं. शून्य मार्कांचं मी पुन्हा बोलले नाही, पण दाजींना तसं सांगितलंही नाही. एवढं शेफारवून कशाला ठेवायचं!

त्यांची एक खोड होती. त्या अनोळखी ग्रुपमधली माणसं आधी लहान नमुना काढून बघतात, आवडलं तरच मोठं चित्र लावतात. दाजी नमुना बघत नसत. "घरी बसून पंचनामा लिहिल्यासारखं होतं ते. जागेवर जाऊनच बघायचं." जायच्या आदल्याच दिवशी ते ताईला म्हणाले होते, "यावेळी लई आत गेलोय. आठ-दहा दिवस लागतील. मधे बंद पडलं तर पहिल्यापासून." कुठं गेलोय ते सांगितलं नव्हतं. पूर्ण झाल्यावरच फाइल उघडणार होती. तोवर पडद्यावर नुसती ती सरकती पट्टी.

म्हणून बॅटरीचं पाणी. माणूस गेला त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. तो याच खोलीत, टेबलाशेजारी ठेवला. ताई दिव्यात तेल घालायची आणि वळून पट्टी कुठवर आली ते बघायची. आपल्याकडे एप्रिलचं ऊन आणि विजेचं जाणं-येणं काय असतं ते सांगायला नको. एका दुपारी घर दुखवट्याला आलेल्या माणसांनी भरलेलं असताना वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे फिरत राहिले. ताई उठली आणि एकेक करून सगळे पंखे बंद केले. कन्नडहून आलेले आमचे शंकरमामा धोतराच्या सोग्यानं वारा घेत म्हणाले, "सुमन, अगं काय करायलीस? पंखा तर राहू दे. माणसं शिजायलीत इथं."

"बॅटरी तेवढ्यालाच पुरंल, मामा. पंखे लावले तर मशीन बंद पडतंय."

"मशीन मोठं का माणसं मोठी?"

"माणसं आपापल्या घरी जातील, मामा," ताई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. घामाच्या धारा लागल्या तरी कुणी उठलं नाही. दाजींच्या खात्यातले एक जुने सहकारी आत गेले, चादर ओली करून आणली आणि खिडकीला बांधली. नंतर त्यांनी मला हळूच विचारलं, "धारूरकर कुठली जागा मोजत होते हो?" मी म्हटलं, "तेच तर कुणाला माहीत नाही." खरं सांगते, त्या दिवसांत मला दुःखाच्या बरोबरीनं ती एकच उत्सुकता होती. हा माणूस जाता जाता कुठं शिरला होता? काय बघायला? रडतानासुद्धा माझा एक डोळा त्या पट्टीवर असायचा, आणि ताईचाही.

दिवा हलवायच्या आदल्या दिवशी पट्टी भरली. घरातले सगळे त्या लहान खोलीत दाटीनं उभे राहिले. मेघानं फाइल उघडली... पडदाभर काळं. एक ठिपकासुद्धा रंगाचा नव्हता. या कडेपासून त्या कडेपर्यंत काळं कुळकुळीत. शेजारच्या काकू "अरे देवा" म्हणून तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. शंकरमामा म्हणाले, "असलं काळं घरात ठेवू नका, पुसून टाका." मेघा रडायला लागली. ताई तेवढी पडद्याकडे बघत उभी होती. कुणीतरी उत्तर द्यायचं बाकी आहे, अशा नजरेनं.

मेघानं त्या अनोळखी ग्रुपमधल्या बार्शीच्या एका निवृत्त गणिताच्या बाईंना फोन लावला. दाजी आणि त्या कधी भेटले नव्हते, पण रोज एकमेकांची चित्रं बघत होते. बाई आधी दाजींसाठी थोडं रडल्या. मग सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, घाबरू नका. किती वेळा गणित करून थांबायचं, तो आकडा आपणच देतो. तेवढ्यात जे ठिपके पळाले नाहीत त्यांना मशीन काळं करतं. धारूरकरांनी आकडा लहान ठेवलाय. एवढ्या आत गेल्यावर तो पुरत नाही. तिथं काही नाही असं नव्हे... मोजणी आधीच थांबली, एवढंच. ही चूक आम्ही सगळ्यांनी केलीय."

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावलेला होता. ताईनं एवढी वर्षं भूकरमापकाशी संसार केलेला. ती म्हणाली, "मग फेरमोजणी लावा."

दुसऱ्या दिवशी विधीप्रमाणे दिवा हलवला. मशीन तसंच चालू राहिलं. पाहुणे गेले, मेघाही पुण्याला परतली. नातेवाइकांच्या ग्रुपवर आता रोज सकाळी ताईचा निरोप येतो, "फेरमोजणी चालू आहे." लोक त्यालाही हात जोडलेले पाठवतात. पैठणीवाल्या वहिनी मात्र एकदा विचारत्या झाल्या, "कधी दिसेल हो?" म्हणजे वाट बघणारी मी एकटी नाही.

गेल्या रविवारी मी तिकडे गेले. ताई त्यांच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती. खोलीत मशीनच्या पंख्याची बारीक घरघर. मला राहवलं नाही, मी वाकून पट्टी बघितली. ती होती तिथंच होती, मागच्या वेळी बघितली होती जवळजवळ तिथंच. मी म्हटलं, "ताई, हे अडकलं की काय? बार्शीच्या बाई तर म्हणाल्या होत्या, आकडा चौपट केला तरी बास."

ताईनं मेथीची जुडी फिरवली. "चौपट नाही टाकला," ती म्हणाली. "मेघाला म्हटलं, लई मोठा टाक. तुला लिहिता येईल तेवढा."

"अगं, मग हे संपणार कधी?"

"संपायला कशाला पाहिजे?" मग ती खाली बघत मेथीची पानं खुडत राहिली. "घरघर चालू असली की वाटतं, बसलेत आत. मोजणी संपली की उठून जातील गं ते..."

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि मेथीची दुसरी जुडी ओढून घेतली. ते चित्र बघायची मला अजून तितकीच उत्सुकता आहे. फक्त ताईच्या घरी गेले की मी पट्टीकडे बघत नाही.