देवपूरच्या मामांचं आरमार
स्पेनच्या आरमाराची जेवढी काळजी देवपूरच्या माझ्या मामांनी वाहिली, तेवढी स्पेनच्या एकाही राजाने वाहिली नसेल. मामा धुळ्याला पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. रद्दीवाल्याकडे त्यांना ज्ञानकोशाचा एकच खंड मिळाला होता आणि त्यात स्पेन होता. "स्वीडनही होता," मामा म्हणत, "पण स्वीडनला दुःख नव्हतं." अमेरिकेशी झालेल्या लढाईत स्पेनची जहाजं बुडाली, हे वाचून मामांना जेवण गेलं नाही. मग त्यांनी ठरवलं, की ती बुडालीच नाहीत. ती बुडाली नसती तर पुढे त्यांच्या डेकवर स्पेनची विमानं उभी राहिली असती, आणि तीच विमानं मामा घरी शेवरीच्या लाकडातून कोरू लागले. अस्सलाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी! मी जळगावहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून ते म्हणाले, "चोवीस मिलिमीटर. कॉकपिटमध्ये मावशील." चाकांना सदऱ्याची बटणं लागत, त्यामुळे मामा ऑफिसात टाचण्या लावून जात. कधीच नसलेल्या विमानाचा एक खिळा इकडचा तिकडे झाला तरी ते सगळं मोडून पुन्हा करत. "खोटं आहे म्हणून चुकीचं असून चालत नाही," हे त्यांचं ब्रीद.

फक्त एक काम त्यांना जमत नसे. कोरीवकाम बोटांनी चाचपून होई, पण जवळचं दिसेनासं झाल्यामुळे स्पेनची खूण असलेली शेपटीवरची काळी फुली आणि पंखांवरची लाल-पिवळी वर्तुळं त्यांची मुलगी ज्योती तीन केसांच्या कुंचल्याने काढी. फुली चढली, की मामा विमानाला उभ्याने सलाम करत.

ज्योतीला बघायला चोपड्याची मंडळी येणार ठरलं, तेव्हा मामींनी विमानांच्या कपाटावर चादर टाकली आणि मामांकडून शपथ घेतली, की स्पेन हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मुलाचे वडील, आबा, केळीचे मोठे बागायतदार. पोहे खाता खाता त्यांना चादरीखालून डोकावणारी शेपटी दिसली. उठून त्यांनी चादरच उचलली.

"हाई काय शे?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी छताकडे.

"विमानं," मामा म्हणाले.

"कोना देशना?"

यावर मामा खोटं बोलू शकत होते. पण त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. पोहे गार झाले, मुलाने दोनदा घड्याळ पाहिलं, आणि मामींनी हे स्थळ मनातल्या मनात सोडून दिलं. सगळं ऐकून आबांनी एक विमान हातात फिरवलं. "जहाजवर इतली इमानं मावतीन कशी? यासना पंख मिटतस का?"

अकरा वर्षांत मामांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचा चेहराच उतरला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. तेवढ्यात ज्योतीने हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला, मागच्या रांगेतलं एक विमान काढलं आणि त्याचे पंख अलगद वर मिटवले. टाचणीची बिजागरी तिने वडिलांना नकळत करून ठेवली होती.

"आनि ही फुली कोनी काढी?"

"मी," ज्योती म्हणाली.

"पोरना हात थीर शे," आबा मुलाकडे वळून म्हणाले, आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर मामांनी काम थांबवलं नाही. फक्त विमानं कोऱ्या शेपटीने रांगेत उभी राहू लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्योती माहेरी आली, की आधी कुंचला हातात घेई आणि वर्षभराचं आरमार दोन दिवसांत सजवून जाई. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मात्र ती तान्ह्या मुलीला घेऊन आली. पोर रडकी, रात्रंदिवस कडेवर. निघायच्या दिवशी कपाटासमोर उभी राहून ती म्हणाली, "बाबा, यंदा राहूनच गेलं हो."

"राहू दे," मामा नातीचं टोपडं बांधत म्हणाले. "स्पेनला कुठे लढाईला जायचंय!"

आम्ही दोघं तिला चोपड्याच्या एसटीत बसवून आलो. घरी आल्यावर मामा कोऱ्या शेपट्यांच्या रांगेसमोर उभे राहिले, सलामाला हात उचलला आणि त्याच हाताने कपाटावर चादर ओढली.