दबकी घंटा

उशिरा येणाऱ्या सगळ्या पोरांना सारखीच छडी मारणं म्हणजे समता, असं तुम्हालाही वाटतं का?

आमच्या ईट गावच्या शाळेतले हेडगुरुजी तसंच मानायचे. दुष्काळात टँकरवर पाणी भरून आलेल्या पोरालाही म्हणायचे, "हात पुढं, बरं का." मी तिथंच मास्तर होतो, मला त्यांचा संताप यायचा.

एक मुलगी मात्र घंटा वाजली की कान दाबून फाटकाबाहेरच बसायची, पार दुपारपर्यंत. तिचं नाव शाळेतून कमी व्हायची वेळ आली, तेव्हा गुरुजींनी घंटेच्या लोखंडी दांडक्याला चिंध्या गुंडाळल्या. ती आत येऊ लागली. पण ती दबकी घंटा लांबच्या वस्तीवर ऐकू जाईना. तिथली पोरं उशिरा आली आणि त्यांना छड्या बसल्या!

मी भडकलो. "गुरुजी, हा कुठला न्याय?"

"ती पोरं उद्या लवकर निघतील, बरं का. त्या पोरीला लवकर निघून काय उपेग? घंटा तर तीच वाजणार."

"मग छडी तरी सोडा!"

त्यांनी छडी भिंतीला टेकवली. थोडा वेळ त्या छडीकडं बघितलं आणि पुन्हा उचलली.

हा माणूस न्यायी की जुलमी, मला अजून ठरवता येत नाही. तुमच्या गावच्या शाळेबाहेर असं एखादं लेकरू अडून बसलं असेल, तर उद्याच जा. त्याच्याशेजारी बसा आणि त्याला काय अडवतं ते विचारा.