गोटी कुणाचं ऐकते

घर फार शांत झालं की मला संशय येतो. गोटी ही आमची इवलीशी टेरियर कुत्री. जागी असली की ती काहीतरी उकरते, नाहीतर कुरतडते. त्या दुपारी मात्र कसलाच आवाज नव्हता.

"बाबा तिला चोरून पोळी देत असणार," मी बायकोला म्हणालो. "म्हणूनच आपण 'बस' म्हटलं तरी ती बसत नाही."

कुत्रं नको म्हणणारे बाबा हल्ली तक्रारही करत नव्हते. मी पाय न वाजवता गॅलरीच्या दाराशी गेलो. बाबांच्या हातात काहीच नव्हतं. गोटी त्यांच्यासमोर कान टवकारून बसली होती.

"बस गं जरा," बाबा तिला सांगत होते. "तुझ्यासारखीच हट्टी होती ती. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी लोणचं खायची."

ते आईबद्दल बोलत होते. ती गेल्यापासून आमच्यापाशी त्यांनी तिचा विषयही काढला नव्हता.

आता मला माझाच संशय आला. बाबा बोलत नव्हते, की आम्हीच कधी बसून ऐकलं नव्हतं? आमचं 'बस' हा हुकूम होता आणि त्यांचं 'बस' ही विनवणी. कुत्र्याला तो फरक कळला होता.

मी दाराआड फरशीवर टेकलो आणि ऐकत राहिलो.