मंदाचा डावा गुडघा

परवा मुर्री गावातल्या सायकल दुकानात तापलेल्या रबराचा वास आला आणि मला आमची निळी रिंग आठवली. रिंगेट हा खरं तर बर्फावरचा खेळ. आमच्या शाळेत आम्ही मुली तो मातीच्या मैदानावर, काठ्यांनी रबरी रिंग ढकलत खेळायचो.

एके दिवशी शाळेच्या संघाची निवड होती आणि संघात एकच जागा उरली होती. बचावाला मी होते. समोरून रिंग घेऊन येत होती माझी मैत्रीण मंदा; तिलाही तीच जागा हवी होती. सर ओरडत होते, "रिंग मत देख, उसकी कमर देख!" कमर वळेल तिकडं खेळाडू जातो, हे मला पाठ होतं. पण मला आणखी एक ठाऊक होतं. मंदाचा डावा गुडघा दुखायचा, आणि ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी उजवी बाजू अडवून तिला डावीकडंच वळायला लावलं. तिसऱ्यांदा ती कोसळली. तिच्या ओठांना माती लागली होती.

"तू मले डावीकडंच काऊन ढकलून राहिली?" तिनं हळूच विचारलं.

"सरांनीच शिकवलं ना," मी म्हटलं.

सरांनी माझी पाठ थोपटली आणि ती जागा मला दिली. तेव्हा ते बक्षीस वाटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात मंदाचं लग्न होऊन ती सडक अर्जुनीला गेली. मला बोलावणं आलं नाही. पुढं नोकरीच्या भरतीत मी खेळाचं प्रमाणपत्र दाखवलं, तर कारकून म्हणाला, "ताई, हा खेळ यादीत नाही."

हे मंदाला कळलं असेल का, माहीत नाही. कळलं तर ती हसेल, या भीतीनं मी अजून सडक अर्जुनीच्या बसमध्ये चढत नाही.