खवल्याचा एपिसोड

मी आठवीत असताना केबलवर शुक्रवारी दुपारी अंतराळयानाची एक मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. यानावर सगळी माणसं आणि एकच परग्रहवासी. त्याच्या कपाळावर माशासारखी खवलं होती, म्हणून आमच्या घरी त्याचं नाव खवल्या. एका एपिसोडमध्ये यानातली हवा गळायला लागली आणि सगळ्यांनी खवल्यालाच धरलं. कारण काय, तर हवेवाचून त्याचं काही अडत नव्हतं! असल्या बिनडोक माणसांना यान चालवायला दिलं कोणी, असं मला झालं.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चाळीत तो एपिसोड आम्ही चौघं बघत होतो. मी, आई, बाबा आणि शेजारच्या खोलीतले चाचा. एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे दोघेही घरी. चाचा बाबांच्याच केमिकल कंपनीत, त्याच टाकीवर. बाबांची पहिली पाळी सुटली की चाचा दुसरीला चढायचे. बिऱ्हाड गोरखपूरकडे, इथे एकटेच. चाळ त्यांना भैया म्हणायची.

त्या आठवड्यात मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मंगळवारी पाळी बदलताना टाकीखालचा व्हॉल्व उघडा राहिला आणि अख्खी बॅच गटारात गेली. बाबा म्हणत होते, मी बंद करूनच निघालो. चाचा म्हणत होते, मी हात लावला नाही. शनिवारी चौकशी होती आणि दोघांतल्या एकाची नोकरी जाणार होती. आई भाजी निवडताना पुटपुटायची, "त्याला काय, ना संसार ना पोरंबाळं इथं. पिशवी उचलली की निघाला गावाला."

आणि हा माणूस आमच्याच कॉटवर बसून आमचाच टीव्ही बघतो! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत बसले. चहाचा कप दोन्ही हातांनी का धरलाय? जाहिरात लागल्यावर बाबांकडे का बघितलं? मला सगळ्यातच काळंबेरं दिसत होतं.

पडद्यावर कॅप्टननं खवल्याला जाब विचारला. तो गप्प उभा राहिला. मला त्याची इतकी दया आली की डोळे भरून आले. आईही चुकचुकली, "बिचारा!" त्याला एका ओसाड ग्रहावर उतरवायचं ठरलं, आणि नेमकी लाइट गेली. लोडशेडिंग.

"कोणी केलं असेल, चाचा?" मी मुद्दाम विचारलं.

"हमको क्या मालूम, बिटिया. हमने देखा थोडे है."

"तुम्ही कधीच काही बघत नाही," मी म्हणाले. "व्हॉल्वपण नाही बघितला."

एरवी मोठ्यांना असं बोलले असते तर आईचा धपाटा ठरलेला. त्या दिवशी ती जागची हलली नाही. बाबा वारा घ्यायच्या निमित्तानं दाराकडे तोंड करून बसले. चाचांनी कप मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि "चलता हूं, भाभी" म्हणून गेले.

शनिवारी चौकशीत चाचांनी सांगून टाकलं की व्हॉल्व त्यांच्याकडूनच उघडा राहिला. घरी येऊन बाबा एवढंच बोलले आणि आंघोळीला गेले. मी चाळभर सांगत सुटले, बघा, मी म्हटलं नव्हतं? आईनं शिरा केला. सोमवारी शेजारच्या दाराला कुलूप होतं.

बुधवारी तोच एपिसोड पुन्हा दाखवला. शेवट मी एकटीनंच बघितला. बाबा पाळीवरून येऊन जेवायला बसले, तेव्हा वाढता वाढता मी म्हणाले, "बाबा, खवल्यानं काही केलंच नव्हतं."

त्यांचा हात ताटातच राहिला. त्यांनी विचारलं, "मग त्याला परत घेतला का यानात?"

"नाही. तोवर यान फार लांब गेलं होतं."

बाबांनी ताट सरकवलं आणि ते हात धुवायला उठले.

पुढे तो एपिसोड मी वर्गातल्या कितीतरी मैत्रिणींना सांगितला. प्रत्येकीनं आधी एकच विचारलं, मग केलं कोणी? बाबांनी ते विचारलं नव्हतं.